हाडे वाचणारा डॉक्टर : ह्यू फॉल्कनर

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आम्हा नागपूरकरांचा तान्हा पोळा. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी होऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून लहान मुलांची वरात निघते. आमच्या मनीषनगरात आता शेत नाही, गोठा नाही. जिथे तिथे सदनिका उभ्या आहेत. तरीही त्या सायंकाळी गल्लीतून लाकडी चाकांची गडगड ऐकू येतेच. गेल्या तान्ह्या पोळ्याला शेजारच्या एका चिमुरड्याने आपला नंदी माझ्यासमोर उभा केला आणि जगातला सगळ्यात पहिला बैल कुठे होता, असे विचारले. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला राजांची वंशावळ विचारली असती तर सांगितली असती. बैलाची वंशावळ मला कुठून ठाऊक असणार? बोजारा म्हणून त्याच्या हातावर पाच रुपये ठेवले आणि वेळ मारून नेली.

पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याला कारण माझे बाबा. बाबा एका सरकारी सर्वेक्षण खात्यात जीप चालवीत. हिवाळा लागला की साहेबलोकांबरोबर त्यांचा मुक्काम नर्मदाकाठी, नरसिंहपूरच्या बाजूला पडे. लहानपणी मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी आम्ही स्कूटरवर ताटकळत उभे असू, तेव्हा वेळ जावा म्हणून बाबा तंबूतल्या गोष्टी सांगत. त्यांतली एक गोष्ट मी अनेकदा ऐकली होती. नदीच्या उंच दरडीतून एका प्रचंड बैलाचा जबडा निघाला होता. तो गोणपाटाच्या पट्ट्या आणि प्लॅस्टर यांत गुंडाळून जीपमध्ये ठेवला आणि खड्ड्यांच्या रस्त्याने बाबांनी तो तान्ह्या बाळासारखा जपून आणला. बाबा त्याला देवाचा नंदी म्हणत. त्याचे खरे नाव काय, तो कोणत्या काळचा, हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांनीही कधी विचारले नाही. बाबा जाऊन आता दोन वर्षे झाली. त्या नंदीचे नाव शोधावे म्हणून मी ग्रंथालयात गेलो आणि माझी गाठ पडली एका स्कॉटिश डॉक्टरशी. त्याचीच ही कहाणी.

त्या बैलाचे शास्त्रीय नाव बॉस नमाडिकस, म्हणजे नर्मदेचा बैल. हे नाव देणारा ह्यू फॉल्कनर २९ फेब्रुवारी १८०८ रोजी स्कॉटलंडमधील फॉरेस या लहानशा गावी जन्मला. चार वर्षांतून एकदाच वाढदिवस येणाऱ्या या मुलाला रानावनातल्या वस्तूंचे वेड होते. १८२६ साली ॲबर्डीनहून त्याने एम. ए. केले आणि १८२९ साली एडिंबरो येथून वैद्यकाची पदवी घेतली. ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून जायचे तर बावीस वर्षे पुरी हवीत, आणि याचे वय कमी पडले. मधला काळ दुसऱ्या कुणी घरी बसून घालवला असता. फॉल्कनर लंडनला गेला. तिथे डॉ. वॉलिक यांना हिंदुस्थानातील वाळवलेल्या वनस्पती लावण्यास त्याने मदत केली, आणि जिऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहात ब्रह्मदेशातील इरावतीकाठची दगड झालेली हाडे न्याहाळली. अडलेल्या त्या काही महिन्यांनीच त्याच्या आयुष्याची दिशा ठरवली, असे मला वाटते. एक हात झाडांवर आणि एक हात हाडांवर, अशीच त्याची पुढची सारी हयात गेली.

सप्टेंबर १८३० मध्ये तो कलकत्त्यास उतरला. पुढच्या वर्षी मीरतला नेमणूक झाली, आणि १८३२ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, सहारनपूरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा तो अधीक्षक झाला. उद्यानाच्या उत्तरेस शिवालिकच्या टेकड्या दिसत. हिमालयाच्या पायथ्याशी वाळू, माती आणि गोटे यांच्या थरांनी बनलेली ती रांग पाहून या थरांत प्राण्यांचे अवशेष असलेच पाहिजेत, असा तर्क त्याने बांधला होता.

आता जो भाग सांगणार आहे, तो आपल्या कला शाखेच्या मित्रांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. फॉल्कनरच्या तर्काला एका इतिहासाच्या पुस्तकाने बळ दिले! फेरिस्ता हा फारसी इतिहासकार आपणा सर्वांना अभ्यासातून ठाऊक आहे. तो आधी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीत होता. १५८९ साली तो विजापूरला गेला आणि आदिलशाहीच्या आश्रयाने त्याने आपला इतिहास लिहिला. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात कालव्यासाठी एक टेकाड फोडले, तेव्हा हत्तींची आणि प्रचंड माणसांची हाडे निघाली आणि त्यांपैकी काही दगड झालेली होती, अशी हकीकत त्याने नोंदवली आहे. इतिहासाचे कित्येक वाचक ती भाकडकथा म्हणून पुढे गेले असतील. फॉल्कनर थबकला. राक्षस खोटे असतील, पण हाडे खोटी कशाला असतील, असा विचार त्याने केला. दख्खनच्या दरबारात बसलेल्या एका बखरकाराने सव्वादोनशे वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञाला वाट दाखवावी, हा योग विलक्षण नव्हे काय?

१८३४ साली शोध लागला. यमुनेच्या कालव्यावर काम करणारा प्रॉबी कॉटली हा अभियंता फॉल्कनरचा जिवलग मित्र. याच कॉटलीने पुढे गंगेचा प्रचंड कालवा बांधला आणि १८५४ साली त्यात पाणी सोडले. दोघांनी खिंडी पालथ्या घातल्या. कासवाच्या पाठीचे, सुसरीचे तुकडे मिळू लागले. त्यांचे सहकारी बेकर आणि ड्युरंड हेही मागे नव्हते. नाहनच्या राजाने बेकरला एक दगडी दात भेट दिला. तो कुठून आला याचा सुगावा फॉल्कनरने काढला, आणि त्या जागी पोहोचल्यावर सहा तासांत तीनशेहून अधिक हाडांचे तुकडे गोळा झाले.

हाडे मिळाली, पण ती ओळखायची कशी? सहारनपुरात ना संग्रहालय, ना ग्रंथ. तेव्हा या दोघांनी भोवतालचे रानच आपले संग्रहालय केले. वाघ, म्हैस, हरिण, मगर जे मिळेल त्याचा सांगाडा साफ करून ठेवायचा आणि दगडातले हाड त्याच्याशी ताडून पाहायचे. वाचकहो, खुरी प्राण्यांची हाडे ही एक लिपीच आहे. गाय, हरिण, डुक्कर, उंट, पाणघोडा हे समखुरी. त्यांच्या घोट्याच्या एका हाडाला वर आणि खाली दोन्हीकडे कप्पीसारखी खाच असते. ते एक हाड हाती आले तरी प्राणी समखुरी होता हे कळते. घोडा आणि गेंडा हे विषमखुरी. त्यांच्या शरीराचा भार मधल्या बोटावर पेलला जातो. गवत खाणाऱ्याचा दात उंच आणि वळ्यावळ्यांचा, कारण गवतातील गारेच्या कणांनी तो झिजत असतो. पाला खाणाऱ्याचा दात बुटका. तेव्हा एका दातावरून प्राणी कोणता, तो काय खात होता आणि भोवती रान होते की माळ, एवढे सांगता येते.

ही लिपी वाचत वाचत फॉल्कनर आणि कॉटली यांनी जी सृष्टी उभी केली ती पाहून युरोपातले पंडित चकित झाले. तीन खुरांचा घोडा, उंट, रानडुकरांच्या जाती, गेंडे आणि वेगळाच एक पाणघोडा! आज आफ्रिकेत असलेल्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढे चार दात असतात. शिवालिकच्या पाणघोड्याला सहा होते, म्हणून त्याला षड्दंती अशा अर्थाचे हेक्सॅप्रोटोडॉन हे नाव मिळाले. पण सगळ्यांत अद्भुत होता तो शिवथेरियम. १८३६ साली दोघांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शिवाचे नाव धारण करणारा हा पशू होता तरी कसा? डोक्याला चार शिंगे : दोन लहान, डोळ्यांच्या वर, दोन मागे, पसरट आणि फांद्या फुटलेली. बांधा जाड, मान आखूड, खांद्याशी उंची माणसापेक्षा जास्त. रवंथ करणारे प्राणी आणि हत्तीसारखे जाड कातडीचे प्राणी यांच्यामधला हा दुवा असावा, असे त्यांना वाटले होते. पुढच्या अभ्यासकांनी तो जिराफाच्या कुळातला ठरवला. उंच मानेचा जिराफ आज आफ्रिकेत आहे. त्याचा हा ठेंगणा, धिप्पाड भाऊबंद एके काळी आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी चरत होता.

या कामाबद्दल १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने वोलॅस्टन पदक दोघांना मिळून दिले. फॉल्कनर तेव्हा तिशीच्या आत होता. एकट्याने मान मिरवण्याचा मोह दोघांनाही झाला नाही, ही गोष्ट मला पदकाहून मोठी वाटते.

अशा माणसाने आता स्वस्थ बसावे! पण नाही. हिमालयाच्या उतारावर चहा होईल काय, याचा अहवाल त्याने दिला आणि तिथे चहाची रोपे लागली. १८३७ साली बर्न्सच्या काबूल मोहिमेबरोबर तो वायव्येस गेला, मग काश्मिरात, आणि १८३८ साली बाल्टिस्तानच्या हिमनद्यांपर्यंत. आपल्या फोडणीतला हिंग ज्या झाडापासून येतो त्या जातीची झाडे त्याला अस्तोरच्या खोऱ्यात सापडली. उन्हातान्हात आणि पावसात हिंडून प्रकृती ढासळली. १८४२ साली तो रजेवर मायदेशी निघाला, तेव्हा बरोबर वाळवलेल्या वनस्पतींचे ७० पेटारे आणि हाडांच्या ४८ पेट्या होत्या. त्या हाडांचे वजन सुमारे पाच टन होते. कॉटलीने ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या पेट्या निराळ्या. त्या २१४ होत्या.

इथे या कहाणीला दुःखाची किनार लागते. लंडनला त्याने ही हाडे दगडातून सोडवून मांडण्याचे काम अंगावर घेतले. फॉना अँटिक्वा सिव्हॅलेन्सिस हा भव्य ग्रंथ कॉटलीसह काढावयाचा ठरले. १८४६ पासून त्याचे भाग निघू लागले. १८४९ पर्यंत नऊ भाग आणि १०७ चित्रपट प्रसिद्ध झाले. चित्रे अप्रतिम होती, पण मजकूर मागे राहिला. पुरती खात्री झाल्याखेरीज लिहायचे नाही, हा फॉल्कनरचा बाणा होता. टिपणांच्या वह्या भरत होत्या, ग्रंथ मात्र पुरा होत नव्हता. तेवढ्यात वॉलिक यांच्या जागी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षकपद चालून आले. १८४८ साली तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. तेनासरीमची सागवानाची जंगले त्याने पाहिली. हिवतापावरील औषधाचा सिंकोना हिंदुस्थानात लावावा, अशी शिफारस केली. उद्यानाच्या व्यापात हाडांचा ग्रंथ मात्र अपुराच राहिला.

पण हाडांनी त्याला सोडले नाही. नर्मदेच्या खोऱ्यातून डॉ. स्पिल्सबरी यांच्यासारख्या हौशी मंडळींनी एशियाटिक सोसायटीकडे अवशेष पाठवले होते. ते शिवालिकच्या मानाने बरेच अलीकडचे. त्यांत बैल होता आणि पाणघोडाही होता. नर्मदेत पाणघोडा! मग आपल्या पूर्वजांनी तो पाहिला असेल काय? फॉल्कनरने काय करावे? त्याने शब्दकल्पद्रुम या संस्कृत कोशाचे कर्ते राजा राधाकांत देव यांना विचारले, आणि जुन्या कोशांतील जलहस्ती या नावाकडे त्याचे लक्ष वेधले गेले. हा शब्द नामशेष झालेल्या पाणघोड्याची आठवण असेल, असे त्याला वाटले. त्याचा हा तर्क सर्वांनी मान्य केला असे नाही. पण एक वैद्य हाडांचा अर्थ लावताना शब्दकोशाचे दार ठोठावतो, हे चित्र मला फार भावते. ज्ञानाच्या शाखा आपण पाडल्या. त्याच्या लेखी त्या नव्हत्या.

१८५५ साली त्याने हिंदुस्थान सोडला. पुढची दहा वर्षे युरोपातल्या गुहा आणि संग्रहालये धुंडाळण्यात गेली. १८५८ साली इंग्लंडमधील ब्रिक्सहॅमच्या गुहेत नष्ट झालेल्या प्राण्यांच्या हाडांबरोबर माणसाने घडवलेली गारगोटीची हत्यारे मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये ॲबव्हिल येथे गेला. बुशे द पर्थ नावाचा एक गृहस्थ तिथे वर्षानुवर्षे अशी हत्यारे गोळा करीत होता आणि विद्वान त्याला हसत होते. फॉल्कनर हसला नाही. त्याने संग्रह नीट पाहिला, त्यात तथ्य आहे हे ओळखले आणि आपल्या प्रेस्टविच या भूशास्त्रज्ञ मित्राला तिथे जाण्याचा आग्रह केला. १८५९ साली माणसाचे प्राचीनत्व विद्वानांनी मान्य केले, त्यामागे हा आग्रह होता. डार्विनशी त्याचा स्नेह होता, मतभेदही होते. तरी १८६४ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक डार्विनला मिळावे म्हणून तो झटला. त्याच वर्षी जिब्राल्टरच्या गुहा पाहण्यास गेला आणि परतीच्या घाईच्या प्रवासानंतर आजारी पडला. ३१ जानेवारी १८६५ रोजी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे छप्पन. त्याच्या विखुरलेल्या टिपणांतून जे हाती लागले ते चार्ल्स मर्चिसन यांनी १८६८ साली दोन खंडांत छापले. १८७१ साली फॉरेस या त्याच्या जन्मगावी त्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले.

आपल्या नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे त्याचे समकालीन. टाकळीच्या दगडांतून त्यांनी जीवाश्म वेचले, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते नदीत बुडाले. त्यांच्या दगडांत खुरी प्राण्यांचे कळप मिळणे शक्य नव्हते. सीताबर्डीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्याचा, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मोठ्या खुरी प्राण्यांचा काळ त्यानंतरचा. आपल्या गावाला जवळचा बैल शोधायचा तर उत्तरेस नर्मदेवर जावे लागते, नाही तर पश्चिमेस गोदावरीवर. गोदाकाठी काळेगाव येथे डॉ. सांकलिया यांच्यासारख्या संशोधकांना अश्मयुगीन हत्यारांच्या संगतीत हाच बैल आढळला.

अपुरे राहिलेले काम वाया जाते काय, हा प्रश्न फॉल्कनरचे चरित्र वाचताना मला सतत छळत होता. याचे उत्तर जम्मू-काश्मीरच्या एका गोष्टीत मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी कालाकोट येथे हाडांनी भरलेले दगड गोळा केले आणि त्यांतील मांजराएवढ्या एका खुरी प्राण्याला १९७१ साली इंडोहायस हे नाव दिले. बरेच दगड न फोडताच ते गेले. त्यांच्या पत्नीने ते जपले आणि पुढे थेविसन या शास्त्रज्ञाच्या हाती दिले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतले कानाचे हाड उघडे पडले. ते होते देवमाशाच्या कानासारखे! २००७ साली हे जाहीर झाले : समुद्रातल्या देवमाशाचा जवळचा नातलग भारतातला हा चिमुकला खुरी प्राणी होता. काम एकाचे राहते, दुसऱ्याच्या हातून पुढे सरकते. मधे कुणीतरी ते फक्त जपून ठेवायचे असते.

एक कबुली देतो. शोध सुरू करताना माझ्या मनात थोडा राग होता. आमच्या नदीचा बैल, त्याला नाव परक्याने द्यावे, पेट्या परक्या देशात जाव्यात, आणि दरड खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांचे नाव कुठेही असू नये! तो राग पुरता गेलेला नाही. शिवालिकच्या खिंडीत सहा तासांत तीनशे हाडे एकट्या फॉल्कनरने उचलली नसणार. परंतु त्याने बैलाला स्वतःचे नाव दिले नाही, नर्मदेचे दिले. पशूला आपल्या राजाचे नाव दिले नाही, शिवाचे दिले. आणि नाहनजवळ साकेती येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७४ साली जीवाश्म उद्यान उभारले. तिथे तो चार शिंगांचा पशू आपल्याच भूमीवर पुन्हा उभा आहे.

शास्त्रज्ञ सांगतात की या नर्मदेच्या बैलाच्या वंशातूनच आपला वशिंडाचा बैल माणसाळवला गेला. म्हणजे वर्धेकडचा पांढराशुभ्र गवळाऊ बैल हा त्याचाच वारस. त्या चिमुरड्याला आता मला उत्तर देता येईल. येत्या तान्ह्या पोळ्याला त्याचा नंदी दारात आला, की त्याला फॉल्कनरचे नाव सांगेन, आणि त्याच बरोबरीने, खड्डे चुकवीत जीप हाकणाऱ्या माझ्या बाबांचेही.